अठरा पूर्ण होताना बालगृह सोडायचंय आणि शिकायचंही आहे, तर राहायची सोय कशी लावायची

"अठरा झाली की बघू" हा सल्ला देणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, वाढदिवस नोव्हेंबरात असला आणि पोरगं बारावीच्या मधोमध असलं तर बघणार काय? बालगृह 18 पर्यंतच. म्हणून सतरावं लागलं की फाइल उघडायची, बाकी "साहेब बघतील" वगैरे सोडून द्या, साहेबांची बदली होते.

आधी अनुरक्षणाचा, म्हणजे अठरानंतर मिळणाऱ्या राहायच्या सोयीचा आणि मदतीचा, अर्ज. बाल न्याय कायदा 2015 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, अपवाद म्हणून 23 पर्यंत वाढवता येते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा केसवर्करने मुलाच्या पुढच्या सोयीचा आराखडा मूल बाहेर पडायच्या 2 महिने आधी बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) ठेवायचा असतो. ठेवला का हे तोंडी विचारू नका, पोच मागा. अनुरक्षण गृहात जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला 4000 रुपयांची मदत आहे, त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं. पुण्यात एवढ्यात फार तर कॉट बेसिसवर जागा होते, मेसचे पैसे वेगळे, त्यामुळे फक्त या पैशांच्या भरवशावर रूम घ्यायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

आधार आणि मुलाच्या एकट्याच्या नावाचं बँक खातं. एवढं तर झालेलं असेलच.

आता खरी डोकेदुखी, अनाथ प्रमाणपत्र. राज्यात 2018 पासून शिक्षणात आणि नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत 2 टक्के जागा अनाथांच्या असतात, पण हे सगळं त्या एका कागदावर अडलेलं असतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा, तिथून तो विभागीय उपआयुक्तांकडे जातो आणि प्रमाणपत्र तिथून निघतं. ऐकायला सरळ वाटतं ना? पहिल्यांदा मी पण अशीच निवांत होते.

घोळ होतो तो पहिल्या आदेशाचा. मूल लहानपणी शिशुगृहात, सहा वर्षांनंतर बालगृहात, मग कधी दुसऱ्या जिल्ह्यात, मधेच एखादी संस्था बंद पडलेली, आणि आत्ताच्या संस्थेच्या फाइलमध्ये असतो फक्त शेवटचा बदलीचा आदेश. तो पुरत नाही. मूल समितीपुढे पहिल्यांदा हजर केलं तेव्हाचा आदेश लागतो, कारण आईवडील नाहीत किंवा कोण ते माहीतच नाही ही नोंद तिथेच असते. सापडलेल्या मुलाकडे आईवडिलांचे मृत्यूचे दाखले कुठून येणार, त्याचा सगळा आधार तो आदेशच. म्हणून ज्या जिल्ह्यात मूल पहिल्यांदा हजर केलं गेलं तिथल्या समितीकडे लेखी अर्ज करून साक्षांकित प्रत मागायची. फोनवर "शोधतो" म्हणतात, आणि शोधणं तिथेच संपतं! एका ऑफिसात मला रजिस्टर पावसात भिजलं म्हणून परत पाठवलं होतं, मग संस्थेच्या प्रवेश नोंदवहीतून आदेश क्रमांक आणि तारीख काढून दिली तेव्हा फाइल निघाली. तेव्हापासून मी क्रमांक हातात असल्याशिवाय जातच नाही, तुम्हीही जाऊ नका.

दुसरा घोळ नावाचा. आदेशात एक नाव, शाळेत वेगळं आडनाव, आधारवर वडिलांच्या जागी तिसरंच काहीतरी. लोक सांगतात ॲफिडेव्हिट करून टाका, स्टॅम्प पेपरवर, झालं. नाही होत. माझं ठाम मत, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव खरं धरायचं आणि बाकी सगळे कागद त्याकडे ओढायचे. दहावीला अजून बसायचं असेल तर मात्र शाळेतच दुरुस्ती करून घ्या, शाळेत असेपर्यंत ते सोपं असतं, दाखला हातात पडला की फार जड जातं. आणि फॉर्मवर रकाना रिकामा दिसतो म्हणून कोणाचंही नाव घालू नका, पुढे तेच पडताळणीत उभं राहतं.

आणि एक, आई किंवा वडील यातलं कोणी हयात असेल तर हे प्रमाणपत्र मिळत नाही, भेटायला कधी आले नसले तरी. अशा पोरांना उगाच या रांगेत उभं करून वर्ष घालवू नका, त्यांच्यासाठी अनुरक्षण आणि खालच्या योजना.

वसतिगृहाचा अर्ज ऑनलाइन, कॉलेजच्या ॲडमिशनची पावती जोडून. नंबर लागला नाही आणि मुलाकडे अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असल्याचा दाखला असेल तर स्वाधार योजना, म्हणजे बाहेर राहून शिकायला सरकारचे पैसे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60000, इतर महापालिका क्षेत्रांत 51000, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी 43000. अट 50 टक्के मार्कांची आणि अडीच लाखांच्या आत उत्पन्नाची. कॉलेजच्याच गावचा रहिवासी मात्र यात चालत नाही, म्हणजे बालगृह पुण्यात, आधारवर तोच पत्ता आणि कॉलेजही पुण्यात, तर स्थानिक म्हणून अर्ज अडकू शकतो. कॉलेज निवडतानाच हे बघा. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयं योजना आहे.

स्वतःचं मूल सांभाळून शिकणाऱ्या आया मला नेहमी विचारतात की आमचं काय. कॉलेजच्या वसतिगृहात मूल घेत नाहीत, तिथे वाद घालण्यात दम घालवू नका. सखी निवास बघा, नोकरी करणाऱ्या आणि नोकरीसाठी ट्रेनिंग घेणाऱ्या बायकांसाठी आहे, मूल सोबत ठेवता येतं, पगाराची मर्यादा मोठ्या शहरात महिना 50000 आणि इतरत्र 35000. ट्रेनिंगवाल्यांच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे वर्षभराच्या आतल्या ट्रेनिंगला नाव घातलं त्याच आठवड्यात अर्ज टाका. एकटी आई असेल तर मुलासाठी बालसंगोपन योजनेचे महिना 2250 पण मागून घ्या, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात.