टर्बोचा पाइप पुन्हा बदलण्याआधी

डिझेल गाडीच्या टर्बोचा (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) रबरी पाइप बदलूनही पुन्हा पुन्हा फाटत असेल, तर जुना पाइप फेकू नका. तो कुठे आणि कसा फाटला यातच निम्मं उत्तर असतं, आणि गॅरेजात तो उतरला की सरळ भंगारात जातो. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. काढण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या आणि वरची बाजू कोणती, त्याची मार्करने खूण करा.

पाइप नक्की कुठला तेही बघा. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा हवा ओढण्याचा. टर्बोतून इंटरकूलरमार्गे (तो दाबलेली गरम हवा थंड करतो) इंजिनाकडे जाणारा दाबाचा. दाबाचा फाटला की गाडी चढावर काळा धूर सोडते, पिकअप जातो, बॉनेटखालून फुस्स आवाज येतो. ओढण्याचा फाटला तर फारसं जाणवतही नाही, पण न गाळलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते, आणि ती पाती मिनिटाला लाखाच्या वर फिरत असतात. म्हणून ‘चालतेय तर चालू द्या’ हे इथे नको.

आता फाटलेला पाइप उजेडात धरून बघा. पाइप तोंडाशी आवळणाऱ्या क्लॅम्पच्या काठाशी गोल कापल्यासारखी चीर असेल तर क्लॅम्प फार आवळलाय किंवा वाकडा बसलाय. वळणावर, घडीच्या रेषेवर तडा असेल तर संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्यावर. एका बाजूला रबर घासून गुळगुळीत झालं असेल तर एखादा ब्रॅकेट लागतोय. त्या जागी चकचकीत झालेला पत्राही सापडेल. आतून रबर फुगलेलं, चिकट, बोटाने दाबलं तर मऊ लागत असेल तर ते तेलाने खाल्लंय. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) आलेला तेलाचा पातळ थर बहुतेक डिझेल गाड्यांत असतोच. मात्र पाइपातून तेल ओघळत असेल, तर आधी ब्रीदर आणि टर्बोचे सील तपासून घ्या आणि तोवर गाडी चालवू नका. साठलेलं तेल इंजिनाने ओढलं तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही.

माउंटिंग तपासायला घरातला एक माणूस लागेल. हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये त्याने ॲक्सिलरेटर झटक्याने दाबून सोडायचा. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघायचं. हात आणि ओढणी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब. इंजिन चांगलंच झुलत असेल तर पाइपाआधी माउंटिंगचा खर्च धरा. एअर फिल्टरही काढून बघा: इंदूरच्या धुळीत तो बुजला की ओढण्याचा मऊ पाइप आतल्या आत चिमटतो. पाइप लांबीत उभा फुटलाय, तोही नवा असताना, तर टर्बोचा दाब स्कॅनरवर बघायला सांगा. टर्बोतली दाब कमीजास्त करणारी हलती पाती किंवा ती हलवणारा ॲक्च्युएटर अडकल्यावर दाब प्रमाणाबाहेर चढतो.

खरेदीला जाताना गाडीच्या कागदावरचा चेसिस नंबर सोबत असू द्या, म्हणजे पार्ट नंबर जुळवता येतो. सिलिकॉनचा पाइप उष्णता छान सोसतो, पण साधं सिलिकॉन तेल पाझरू देतं. दाबाच्या बाजूला घेणार असाल तर आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर आहे का ते विचारा. कंपनीने स्प्रिंगचा क्लॅम्प दिला असेल तर तोच बरा, तापल्या-थंडावल्यावर पकड धरून राहतो. नाहीतर सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत टी-बोल्ट क्लॅम्प (रुंद पट्टीचा, बोल्टने आवळायचा) बघा. भोकांची पट्टी असलेला स्वस्त क्लॅम्प दाबाच्या पाइपावर नकोच, त्या भोकांतूनच रबर कापलं जातं.

बसवण्याचा दिवस सकाळचा ठरवा, इंजिन थंड असताना. ब्रेक क्लीनर, न सुटणाऱ्या सुताची चिंधी, टॉर्च आणि लांब पेचकस काढून ठेवा. दोन्ही तोंडं कोरडी करा, आत ग्रीस लावू नका. क्लॅम्प कडेच्या उंचवट्याच्या आत बसला पाहिजे, त्यावर नाही. मिस्त्री म्हणेल, ‘अरे भिया, कसके लगा दूँ, चल जाएगा’. त्याला आवळण्याआधी पाइपाला पीळ बसलाय का ते बघायला लावा. वाटेत फाटलाच तर डिकीत स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप असू द्या. पंक्चरचं सोल्युशन तेलकट रबरावर टिकत नाही.

शेवटी भरलेल्या गाडीने खंडवा रोडवरचा भेरूघाट चढून या, टर्बोवर खरा ताण तिथे येतो. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि दोन्ही क्लॅम्प, ब्रॅकेटची ती चकचकीत जागा पुन्हा बघा.