जुन्या बाइकच्या मीटरचा काटा जड झालाय? आधी या चुका टाळा

जुन्या गाडीचा काटा जड झाला, म्हणजे गाडी पन्नासच्या स्पीडला आली तरी तो तिसावर रेंगाळतोय आणि सिग्नलला थांबलात तरी सावकाश खाली येतोय, की सगळीकडे एकच सल्ला मिळतो, केबल वरून उघडा आणि तेल सोडा. मला पण हाच मिळाला होता. आमच्याकडे 1993 ची आरएक्स 100 आहे, बाबांनी घेतलेली, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या अंगणात अजून रोज किक बसते तिला. तर एका मिस्त्रीने "भिया, ऊपर से तेल डाल दो, मक्खन चलेगा" म्हणत केबलच्या वरच्या तोंडात चांगलं अर्धं झाकण इंजिन ऑइल ओतलं. दोन दिवस काटा खरंच मस्त हलला. तिसऱ्या दिवशी एमजी रोडवर फार तर 35 ने चाललो होतो आणि मीटर 70 दाखवतंय, आणि थांबल्यावर काटा खाली यायच्या आत सिग्नल सुटला पण.

असं का होतं ते समजून घ्या, मग बाकीच्या चुका आपोआप टळतात. केबलवाल्या मीटरमध्ये काटा केबलला जोडलेलाच नसतो. केबल एक छोटं मॅग्नेट फिरवते, त्या मॅग्नेटभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते, दोघांमध्ये बारीकशी फट. मॅग्नेट फिरलं की वाटीत करंट तयार होतो आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते, तिला केसासारखी बारीक स्प्रिंग उलट धरून ठेवते, या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो तुमचा स्पीड. आता त्या फटीत तेल गेलं तर मॅग्नेट वाटीला तेलासकट ओढणार, म्हणून काटा जास्त दाखवतो आणि परत यायला आळस करतो. आणि केबलची आतली तार पिळाची असते ना, ती फिरताना स्क्रूसारखी तेल वर चढवते, त्यामुळे खालून जास्त घातलेलं ग्रीससुद्धा शेवटी मीटरमध्येच पोचतं.

म्हणून नियम असा, आतली तार पूर्ण बाहेर काढायची, पुसायची, खालच्या भागाला बोटाने पातळ ग्रीस लावायचं आणि वरची एक वीत कोरडी ठेवायची. गंज सोडवायचा स्प्रे तर केबलमध्ये मारूच नका, तो उडून जातो आणि मागे धूळ धरणारा चिकटा राहतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे न तपासता थेट मीटर उघडणं. आधी किलोमीटरचे आकडे बघा. आकडे नीट सरकतायत पण काटा सुस्त आहे, तर केबल आणि खालची गरारी (पुढच्या चाकातला, केबल फिरवणारा दातेरी गिअर) आपलं काम करतायत, दोष मीटरच्या आत. काटा आणि आकडे दोन्ही बंद, तर केबल तुटली किंवा गरारी गेली. काटा थरथरतोय, 30 वरून 50 वर उड्या मारतोय, तर केबल कोरडी आहे नाहीतर कुठेतरी मुरडलीय. आणि काटा नीट हलतो, नीट परत येतो पण सगळ्याच स्पीडला सारखाच कमी दाखवतो, तर मॅग्नेट कमजोर झालं असेल किंवा पुढचा टायर मूळ साइजचा नसेल, हे आधी बघा नाहीतर उगाच मीटर खोलून बसाल.

मुरडलेली तार डोळ्यांना दिसत नाही. मी आमच्या टीपॉयच्या काचेवर ठेवून दोन्ही टोकं चिमटीत धरून हळूच गोल फिरवली, सरळ तार काचेला चिकटून गुळगुळीत फिरते, माझी एका जागी सापासारखी उठायची आणि टप्पकन पलटी मारायची, दर फेरीला तिथेच. तीच उडी काट्याला बसत होती. अशी तार ठोकून सरळ करू नका, बदला. नवी बसवताना हेडलाइटच्या मागे काटकोनात वळवू नका, मोठा वळसा द्या, आणि मीटरच्या तोंडाशी दोन इंच तरी सरळच राहू द्या. दोन्ही टोकांची चौकोनी धार घासून गोल झालीय का तेही बघा, तशी झाली असेल तर ती मध्येच निसटते. आतली तार मूळ लांबीपेक्षा लांब असेल तर आटी आवळल्यावर ती मॅग्नेटला वर दाबत राहते आणि मीटर कायमचं जातं, म्हणून जुनी शेजारी ठेवून मापा.

गरारीची चूक बहुतेक पंक्चरच्या दुकानात होते. पुढचं चाक परत लावताना ब्रेक प्लेटमधल्या मीटर गरारीचे कान हबच्या खाचेत बसले की नाही न बघता एक्सल आवळला की कान वाकतात नाहीतर मोडतात, आणि चार दिवसांनी तुम्ही केबलला दोष देता. चाक हाताने फिरवून केबलचं वरचं टोक फिरतंय ना एवढं बघायला अर्धा मिनिट लागत नाही. आणि रंगपंचमीच्या गेरनंतर (आमच्याकडची रंगाची मिरवणूक) गाडी प्रेशरने धुताना नोजल पुढच्या हबवर धरू नका, गरारीचं ग्रीस धुऊन जातं, आत पाणी राहतं.

मीटर उघडायचंच असेल तर घाई नको. भोवतीची रिम पेचकसाने एका जागी उचकटली की काचेला तडा जातो, थोडं थोडं गोल फिरत उचलायचं. काटा ओढण्याआधी त्याला शून्याच्या पिनवरून अलगद पलीकडे सोडा, बहुतेक मीटरमध्ये त्याची खरी विश्रांतीची जागा पिनच्या खाली असते, तिथे डायलवर कागदी टेपने खूण करा. खूण न करता पिनवरच परत बसवलात तर मीटर जास्त दाखवणार. वाटीतलं तेल टिपायला काडीवर कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, डायलला लागू देऊ नका, पेट्रोल तर मुळीच नको, छपाई उतरते. स्प्रिंगला हात लावू नका, एक पीळ बदलला की सगळी मोजणी गेली. थंडीत सकाळी मीटरमधून चीं चीं येत असेल तर खालच्या बुशला (मॅग्नेटचा दांडा जिच्यात फिरतो ती कडी) शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच.

पेट्रोलच्या काट्याचं वेगळं. तो कित्येक गाड्यांत मुद्दामच सुस्त असतो, टाकीत पेट्रोल हिंदकळलं की नाचू नये म्हणून, त्यामुळे चावी ऑन केल्यावर हळूहळू वर चढला तर लगेच बदलायला जाऊ नका. पण अर्ध्यावरच अडकत असेल तर आधी अर्थिंग बघा. बॅटरीचं निगेटिव्ह आणि मीटरची अर्थ वायर यांच्यात चावी ऑन ठेवून मल्टिमीटर लावा, 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर जोड गंजलाय, पॉलिश पेपरने घासा. त्यानंतर टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा, पातळी सांगणारा भाग) बाहेर काढून त्याची दांडी हळूहळू हलवा आणि ओहम बघा, आकडा सलग बदलला पाहिजे, मध्ये उडी आली तर त्याच्या आतली रेझिस्टन्सची पट्टी झिजलीय. फ्लोटचं हे काम बॅटरी काढून, उघड्या हवेत, आणि मोजणी टाकीपासून लांब.

माझं मीटर साफ करून झाल्यावर सुपर कॉरिडॉरला मित्राला मागे बसवून त्याच्या मोबाइलच्या जीपीएसशी जुळवलं, मीटर 60 ला जीपीएस 56, जुन्या मीटरसाठी हे अगदी चांगलं. ब्रेक लावला तर पाय जमिनीला टेकायच्या आत काटा पिनवर.