नादकाट्याने कान कसा तपासावा

ऐकू कमी येऊ लागले की दोष आवाज आत पोहोचवणाऱ्या वाटेत आहे की आवाजाचे संदेशात रूपांतर करणाऱ्या आतल्या कानात आहे, हे साध्या नादकाट्याने (आपटल्यावर एकच सूर देणाऱ्या, दोन भुजांच्या धातूच्या काट्याने, म्हणजे ट्यूनिंग फोर्कने) बऱ्याच अंशी ओळखता येते. त्यासाठी ५१२ हर्ट्झचा काटा घ्यावा, कारण खालच्या सुराच्या काट्याची थरथर हाडाला नुसती जाणवते आणि तीच ऐकू आल्याचा भास होतो.

सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका, तिच्या टोकाचा पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन चिमुकली हाडे मिळून ही वाट होते. रिकीब आतल्या कानाच्या ज्या खिडकीवर (छोट्या छिद्रावर) बसते, तिच्यापेक्षा पडदा कितीतरी मोठा असल्यामुळे हवेतले क्षीण कंपन आतला द्रव हलवण्याइतके जोरकस होते. पुढे शंखासारख्या वळलेल्या कर्णावर्तातील केसपेशी त्या हालचालीचे विद्युत संदेश करून ते मज्जातंतूकडे सोपवतात.

खोलीतला पंखा बंद करून काटा कोपरावर हलकेच आपटावा (टेबलावर आपटल्यास नको ते सूर उमटतात) आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडाच्या उंचवट्यावर टेकवावा. आवाज थांबल्याची खूण मिळताच काट्याच्या भुजा कानाच्या तोंडाशी धराव्यात. तेथे तो पुन्हा ऐकू आला, तर वाटेत मोठा अडथळा नाही. ऐकू न आल्यास मळ, पडद्याचे छिद्र किंवा मधल्या कानातला द्रव यांचा संशय घ्यावा. मात्र एक कान पूर्ण बहिरा असेल, तर कवटीतून गेलेला आवाज दुसराच कान ऐकतो आणि उत्तर फसवे मिळते.

म्हणून दुसरी चाचणीही करावी. दांडा कपाळाच्या मध्यावर टेकवून आवाज कोणत्या बाजूला वाटतो, ते विचारावे. वाट बंद असल्यास तो कमी ऐकू येणाऱ्या कानात मोठा वाटतो आणि केसपेशी किंवा मज्जातंतू क्षीण असल्यास चांगल्या कानात. पहिली गोष्ट उलटी वाटत असेल, तर ओठ मिटून गुणगुणताना एका कानात बोट घालून पाहावे. आवाज बंद कानाकडेच सरकतो, कारण बाहेरचा गलका तेथे पोहोचत नाही आणि हाडातून आलेले कंपनही बाहेर निसटत नाही.

एका कानाचे ऐकणे अचानक गेले असेल, तर या चाचण्यांत वेळ न घालवता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.