लिनक्सवरून घरातला शेअर्ड फोल्डर उघडत नाही? या चुका टाळा

कोथरूडच्या आमच्या घरी हॉलमधल्या विंडोज कॉम्प्युटरवर बाबांनी स्कॅन करून ठेवलेले जुने फोटो आहेत. माझ्या खोलीत लिनक्स मिंटचा लॅपटॉप. मधे एकच भिंत, तरी तो फोल्डर पहिल्यांदा उघडायला माझा अख्खा रविवार गेला. मी पासवर्ड बदलले, परवानग्या बदलल्या, फायरवॉलसुद्धा बंद केली. दोन्ही कॉम्प्युटर एका नेटवर्कवर आहेत का, हे मात्र पाहिलंच नाही.

ते नव्हतेच. वायफाय हॉलपर्यंत पोचेना म्हणून आम्ही दुसरा राउटर जोडला होता आणि हॉलमधला कॉम्प्युटर त्याच्या मागे गेला होता. एकाचा आयपी पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा, दुसऱ्याचा १९२.१६८.१ ने. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पुढे पोचवतो, की हा घोळ मिटतो. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तरी बहुतेक राउटर घरातली इतर यंत्रं दिसू देत नाहीत. म्हणून आधी पिंग करा, म्हणजे समोरचं यंत्र हाकेला उत्तर देतं का ते पाहा. पण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर न देण्याची शक्यता असते, तेव्हा पोर्ट ४४५ (फोल्डर शेअरिंग ज्या वाटेने चालतं ती) उघडा आहे का तेही तपासा. आणि विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ नको, ‘प्रायव्हेट’ हवं.

‘होस्ट इज डाउन’ हा एरर ११२ सगळ्यात जास्त चकवतो. समोरचं यंत्र धडधडीत चालू असतं, पण दोघांची एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीची, आवृत्ती जुळत नसते. २०१७ मध्ये लिनक्स कर्नल ४.१३ पासून माउंट करताना (म्हणजे नेटवर्कवरचा फोल्डर लॅपटॉपला जोडताना) एसएमबी १ आपोआप वापरणं बंद झालं. जुन्या नॅसला (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्याला) किंवा राउटरला लावलेल्या हार्ड डिस्कला कधीकधी तेवढंच येतं. मग लोक विंडोजवरही एसएमबी १ चालू करून टाकतात. कृपा करून ते करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून जगभर पसरला होता. आधी नॅसचं फर्मवेअर अपडेट करा. नाहीच जमलं, तर एसएमबीची आवृत्ती ठरवणारा ‘व्हर्स’ (vers) हा पर्याय फक्त त्या एका माउंटपुरता द्या.

एरर १३ म्हणजे परवानगी नाही. इथे बहुतेक जण विंडोजचा पिन टाकतात. पिन फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून खात्याचा पासवर्डच लागतो. मी विंडोजवर फोटोंसाठी वेगळं लोकल खातं काढलं आणि त्याला शेअरिंग व सिक्युरिटी या दोन्ही टॅबमध्ये परवानगी दिली. एकाच टॅबमध्ये दिली तर भागत नाही. फोल्डर लिनक्सवर असून सांबामधून (लिनक्सवरचं एसएमबी शेअरिंगचं सॉफ्टवेअर) शेअर केला असेल, तर सांबाची पासवर्डची यादी निराळी असते. ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ (smbpasswd) ही कमांड वापरून त्या यादीत नाव घालावं लागतं, लॉगिनचा पासवर्ड आपोआप चालत नाही.

इतकं जमल्यावर फोल्डर दर वेळी आपोआप जोडला जावा म्हणून मी एफस्टॅबमध्ये (/etc/fstab या लिनक्सच्या फाइलमध्ये) ओळ लिहिली आणि गुरुवारी फोल्डर गायब! गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, आल्यावर राउटरने कॉम्प्युटरला नवाच आयपी पत्ता दिला. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन करून पत्ता कायमचा बांधून घ्या. ओळीत ‘नोफेल’ (nofail) आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ (x-systemd.automount) लिहा, म्हणजे हॉलमधला कॉम्प्युटर बंद असला तरी लॅपटॉप सुरू होताना रेंगाळणार नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तिथे बॅकस्लॅश आणि ०४० (\040) लिहायचं. पासवर्ड एफस्टॅबमध्ये नको, ती फाइल कुणालाही वाचता येते. तो वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये ठेवा आणि तिची परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येईल.

फोटो दिसतात, पण सेव्ह होत नाहीत? माउंट केलेल्या फायलींची मालकी रूटकडे, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्याकडे, गेलेली असते. सगळ्यांना सगळी मुभा देणारी ७७७ परवानगी देऊन इथे सहसा काही होत नाही. ‘आयडी’ (id) कमांडने आपला यूआयडी, म्हणजे वापरकर्ता क्रमांक, आणि जीआयडी, म्हणजे गटाचा क्रमांक, पाहा (मिंटवर पहिल्या वापरकर्त्याचा यूआयडी १००० असतो) आणि माउंटच्या पर्यायांत ‘यूआयडी’ व ‘जीआयडी’ द्या. हे केल्यावर फोटोतल्या माणसांची नावं बाबांना विचारत मी माझ्या खोलीतूनच फायलींना देऊ लागलो.