काजू कारखान्यात ‘मानवी संबंध’ पद्धत कशी राबवावी

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या वीस-पंचवीस बायकांच्या काजू कारखान्यात काम तुंबतं ते बहुधा सोलाईला. बी फोडायला यंत्र आणता येतं, पण साल काढून अख्खा गर सुटा करणं अजून बऱ्याच ठिकाणी हातांवरच चालतं. ‘मानवी संबंध’ पद्धत म्हणजे बायकांचं ऐकून, आपुलकीने वागवून आणि गटातली जवळीक वाढवून काम सुधारणं. ती सोलाईच्या टेबलापासून सुरू करावी.

आधी तिचं मूळ. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. सुरुवातीला दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. १९२७ पासून रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे छोटे स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून कामामधल्या सुट्ट्या आणि कामाचे तास बदलून पाहिले. उत्पादन वाढलं. हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांनी त्याचं श्रेय आपुलकीची देखरेख आणि गटातल्या जवळिकीला दिलं. मात्र त्या मुलींची कमाई मोठ्या विभागाऐवजी त्यांच्या छोट्या गटाच्या कामावर मोजली जाऊ लागली होती, आणि पाचपैकी दोघी मध्येच बदलल्या होत्या. तेव्हा नुसतं गोड बोलून काम वाढेल या भ्रमात राहू नये. मजुरी किमान वेतनापेक्षा कमी पडत असेल तर आधी ती भरून काढा, मग पुढचं वाचा.

पहिले दोन आठवडे काहीही न बदलता वहीत तीन आकडे लिहा: माणशी किती किलो सोलाई झाली, त्यात अख्खे गर किती आणि पाकळी-तुकडा किती, आणि गैरहजर किती. नुसते किलो मोजले तर घाईत तुकडा वाढतो आणि भाव जातो. भातलावणीचे दिवस किंवा गणपतीचा आठवडा या मोजणीला घेऊ नका. ते आकडे फसवतात.

मग ऐकायचं. एकेकीला वीस मिनिटं, कामाच्या वेळेतच, मजुरी न कापता. शेठच्या खोलीत नको, मुकादमासमोरही नको. हॉथॉर्नला वीस हजारांहून अधिक मुलाखती झाल्या. आधी ठरावीक प्रश्न विचारत, पण माणसं भलत्याच विषयावर बोलू लागत. मग त्यांना हवं ते बोलू दिलं. तुम्हीही वाद घालू नका, सल्ला देऊ नका. वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारू नका. काकी, वहिनी असंच म्हणा.

तक्रार ऐकताना दोन अर्थ शोधा. “साल सुटत नाय” ही कुरकुर वाटते, पण ती ड्रायरची बातमी असते. गर नीट वाळला नसेल, किंवा पावसाळ्यात वाळलेला गर उघडा राहून ओल धरत असेल, तर साल चिकटते. बायका सुरीने खरवडतात आणि गराला ओरखडे पडतात. उलट गर जास्त वाळला तर हातात मोडतो. दुसरी नेहमीची तक्रार: “मुकादम आपल्या वाडीतल्यांना मोठी बी देते.” हा हेवा नव्हे, हिशोब आहे. बारीक, म्हणजे ३२० ग्रेडच्या एका पौंडात ३०० ते ३२० गर, तर मोठ्या १८० ग्रेडच्या पौंडात १७० ते १८० बसतात. किलोवर मजुरी असेल तर बारीक गर सोलणारीला तेवढ्याच पैशांत जवळपास दुप्पट गर हाताळावे लागतात. उपाय दोन: ट्रे पाळीपाळीने द्या, किंवा बारीक गराला वेगळा दर ठेवा.

ऐकल्यावर आठ दिवसांत निदान एक गोष्ट सगळ्यांदेखत दुरुस्त करा. विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

पाच-सहा जणींचं टेबल करा आणि कोण कुठे बसेल ते त्यांनाच ठरवू द्या. गटाची दुसरी बाजूही असते. हॉथॉर्नच्या तारजोडणीच्या खोलीत १४ पुरुषांनी रोजच्या कामाची हद्द आपसात ठरवली होती; जास्त करणाऱ्याला दंडावर ठोसा मिळे. काम वाढवलं की मालक दर पाडेल ही भीती. म्हणून ‘हाच दर हंगाम संपेपर्यंत’ असं फळ्यावर लिहा, आणि पाळा.

सुट्टी सकाळी पंधरा मिनिटं चहासकट, दुपारी दहा मिनिटं, जेवणाची वेगळी. हॉथॉर्नला पाच-पाच मिनिटांच्या सहा सुट्ट्या दिल्या, तेव्हा लय तुटते अशी तक्रार आली होती. शिमगा, लावणी, चाकरमानी येण्याचे दिवस यांच्या रजा टेबलानेच आपसात लावून घ्याव्यात.

मुकादमाला आधी विश्वासात घ्या, नाहीतर तिला वाटतं आपल्यामागे चहाडी चालली आहे, आणि कुणी काय सांगितलं ते ती शोधत बसते. मुलाखतीच्या वहीत नावं लिहू नका.

एका वेळी एकच बदल करा आणि चार आठवडे तेच तीन आकडे पाहा. किलो वाढले पण अख्खा गर घटला, तर टेबलाला दोष देण्याआधी ड्रायर तपासा.