हंटिंग करणारे इंजिन आणि माझे वाया गेलेले चार दिवस

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन मी नागपुरात लकडगंजच्या एका वखारीत कामाला लागलो, तेव्हा ओंडके फोडण्याच्या हायड्रॉलिक यंत्रावरचे साडेसहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन मला किरकोळ वाटले होते. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभे असलेले ते यंत्र दसऱ्यानंतर बाहेर काढले. इंजिन सुरू झाले, पण आवाज दर दोन-तीन सेकंदांनी चढायचा आणि पडायचा (यालाच हंटिंग म्हणतात), आणि पाचर गाठाळ बाभळीत शिरली की ते दम तोडून बंद पडायचे.

इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची दांडी डोळ्यांसमोर मागेपुढे झुलत असल्यामुळे दोष तिथेच आहे असे मी ठरवून टाकले. नवशिक्यांपैकी बहुतेक जण नेमके इथेच फसतात, म्हणून हे सविस्तर सांगतो. वेग पडला की गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची झडप, उघडतो आणि वेग चढला की मिटतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल तर थ्रॉटल उघडूनही ताकद उशिरा येते, मग वेग एकदम उसळतो, गव्हर्नर पुन्हा मिटतो आणि हे चक्र थांबत नाही. दांडीचे झुलणे हा दोषाचा परिणाम असतो, कारण नव्हे. मी मात्र स्प्रिंग ओढून दुसऱ्या भोकात अडकवली. अशा इंजिनांना मिनिटाला साधारण ३६०० फेऱ्यांच्या वर पळवायचे नसते. त्यापुढे कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फुटू शकते. गव्हर्नरच्या स्प्रिंगला अंदाजाने हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो.

चौथ्या दिवशी वखारीतले वयस्कर मिस्त्री जवळ आले, "चोक ओढून पाहिला का बे?" एवढेच विचारून निघून गेले. चोक म्हणजे हवा अडवून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप. तो अर्धा ओढताच आवाज एकसारखा झाला. चोकने इंजिन सुधारले तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे. सुधारले नाही, तरच गव्हर्नरकडे वळावे. हातातला पाना काढून घेऊन दहा मिनिटांत काम उरकणाऱ्या उस्तादापेक्षा असा एक प्रश्न विचारणारा माणूस मला मोठा वाटतो.

हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी उघडली, तेव्हा तळाशी पाण्याचे मणी लोळत होते आणि जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याच्या, तोंडाशी डिंकासारखा पिवळट थर होता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतले पाणी ओढून घेते, पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन खाली बसतात, आणि पेट्रोलचा हलका अंश उडून गेल्यावर चिकट थर उरतो. भार नसताना हंटिंग होत असेल तर पायलट जेट (कमी भारावर पेट्रोल देणारा छोटा जेट) आधी पाहा. भाराखाली इंजिन दम तोडत असेल तर मेन जेट (भारावर पेट्रोल देणारा मोठा जेट). माझे दोन्ही तुंबले होते. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडासमोर धरून भोक पूर्ण गोल दिसेपर्यंत पुन्हा करा. हे काम अवघड नाही. पहिल्या वेळी मला दोन तास लागले, आता अर्धा तासही लागत नाही.

बाकीचे तुम्हाला ठाऊकच आहे: एअर फिल्टरमधला भुसा झटका, ठिणगी पाडणाऱ्या प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, ऑइल यंत्र सपाट जागी उभे करूनच मोजा. ऑइल कमी असेल किंवा यंत्र फार कलते असेल, तर सेन्सर ठिणगी बंद करतो, आणि अशा वेळी कॉइल बदलण्यात पैसे घालवलेले लोक मी पाहिले आहेत. पाचरीजवळ हात घालण्यापूर्वी प्लगची टोपी काढा, यात सवलत नाही.

जून लागला की मी टाकी रिकामी करतो, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो आणि वाटीखालचा बोल्ट सैल करून उरलेले थेंब चिंधीवर घेतो. गेल्या दसऱ्याला ताजे पेट्रोल घातल्यावर दुसऱ्याच ओढीला इंजिन सुरू झाले, आणि चोक पूर्ण आत ढकलल्यावरही आवाज हलला नाही.