बागेतली रेल्वे आणि गावातली जनावरं: या चुका टाळा

बागेतल्या रेल्वेचे, म्हणजे अंगणात रूळ टाकून चालवायच्या छोट्या मॉडेल गाड्यांचे, जे व्हिडिओ आपले लोक बघतात ते बहुतेक थंड, ओल्या देशांतले असतात. तिथे शेजारची मांजर आणि एखादा कोल्हा आला की तक्रार सुरू होते. तीच ४५ मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) लाईन वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या शेतघराच्या परसात टाका. पहिल्या आठवड्यात कोंबड्या येतात, दुसऱ्यात मांजर, पहिल्या मोठ्या पावसानंतर घूस, आणि वावरात खायला काही उरलं नाही की वानरांचा कळप. लाईन टाकणारा रूळ, इंजिन, ट्रान्सफॉर्मर सगळ्याचा हिशोब करतो, जनावरांचा करत नाही. मग विचारतो, यावर फवारायला काही मिळतं का?

नाही मिळत. जनावर तुमच्या आगगाडीसाठी येतच नाही. त्याला भुसभुशीत जागा हवी असते, सावली हवी असते, सांडलेला दाणा हवा असतो. हे सगळं तुम्हीच मांडून ठेवलं असेल तर फवारून काय होणार?

बारीक चुरीचा हट्ट

ही चूक शकुंतलेचं, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळच्या छोट्या गाडीचं, मॉडेल करणाऱ्यांत हमखास दिसते. त्या लाईनचा खरा गेज ७६२ मिलिमीटर. तो ४५ वर आणला की प्रमाण साधारण १:१७ पडतं, आणि ५० मिलिमीटरची खरी गिट्टी ३ मिलिमीटरची होते. म्हणून हौशी माणूस क्रशरवरून चुरी आणतो, चाळतो, धुतो आणि पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा सैल थर टाकतो. फोटोत सुंदर दिसतं. मांजरीच्या दृष्टीने मात्र तो गावातला सगळ्यात चांगला संडास, आणि एप्रिल-मेमध्ये कोंबड्यांच्या दृष्टीने धुळीत लोळायची तयार जागा. कोंबडी एका बैठकीत हातभर लाईन उघडी पाडते. उडालेली चुरी सांध्यात (गाडी रूळ बदलते त्या जागी) जाते, तिथली सरकणारी जीभ रुळाला पूर्ण टेकत नाही, आणि गाडी दर फेरीला त्याच जागी घसरते. लोक मग चाकं तपासत बसतात.

उपाय वरवरचा नाही, खालून करायचा आहे. काळी माती २० सेंटिमीटर खोल काढून टाका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि त्या भेगा उंदरांना आयत्या मिळतात. तिच्या जागी मुरूम भरा, पाणी मारा, धुमसाने ठोका. त्यावर १२ मिलिमीटर छिद्राची वेल्डेड जाळी, ३० सेंटिमीटर रुंद. तिच्यावर चार सेंटिमीटर चुरी, पण न चाळलेली, सहा मिलिमीटरपासून पावडरीपर्यंत सगळी असलेली. दहा घमेल्यांना एक घमेलं सिमेंट कोरडंच मिसळा, पसरा, दाबा आणि झारीने हलकं पाणी शिंपडा. एवढं अशक्त मिश्रण नखांना दाद देत नाही आणि पाणीही थोडंफार मुरू देतं. दिखाऊ बारीक चुरी फक्त वरचा एक सेंटिमीटर. दोन्ही कडांना १०-१२ मिलिमीटरची गिट्टी हातभर रुंद टाका, कोंबडीला ती उकरायचा कंटाळा येतो.

इथे घाईवाले आणखी एक चूक करतात. एवीतेवी सिमेंट कालवलंच आहे तर स्लीपरही (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) त्यात गाडून टाकू म्हणतात. रुळाचं पितळ एका मीटरला दर ६० अंशाच्या फरकाने सुमारे १.१ मिलिमीटर वाढतं. आपल्याकडे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत उन्हातल्या रुळाला एवढा फरक सहज पडतो. दहा मीटरच्या सरळ लाईनीत ते एक सेंटिमीटरच्या वर जातं. स्लीपर जखडलेले असतील तर रूळ कमान करून वर येतो. रूळ मोकळाच तरंगू द्या.

मांजरीला हाकलण्यापेक्षा दुसरी जागा द्या: कुंपणाच्या कोपऱ्यात सावलीत मीटरभर लांब, दोन फूट रुंद कोरडी रेती. आठवड्यात ती सवय बदलते. रेती स्वतः उपसा, हातमोजे घालून. घरात गरोदर बाई असेल तर तिला हे काम अजिबात सांगू नका, मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होतो, पोटातल्या बाळाला तो घातक. फिनाईल ओतणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, ते मांजरीला विषारी असतं. डांबराच्या गोळ्या कुत्र्याला.

कुत्र्याचा प्रश्न वेगळा. सिग्नलचा खांब त्याला आपला खांब वाटतो. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली की तडकत, हे एकोणिसाव्या शतकात भारतातच लक्षात आलं. मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळात आधीच दाबून बसलेला ताण, दोन्ही मिळून तडा पाडतात. रुळांच्या पितळी जोडपट्ट्याही पत्रा दाबून, वाकवूनच केलेल्या असतात. म्हणून सिग्नलजवळची पट्टी हिरवी पडून चिरलेली दिसली तर बनवणाऱ्याला शिव्या देण्याआधी कुत्र्याकडे बघा. रोज सकाळी तांब्याभर पाणी ओता आणि लाईनीपासून दीड-दोन मीटरवर बाभळीचा एक खुंट गाडून द्या. तो खुंट कुत्र्याला सिग्नलपेक्षा आवडतो.

न उघडणारा बोगदा

या एका चुकीने जितक्या लाईनी बंद पडल्या तितक्या बाकी सगळ्या मिळून पडल्या नसतील. एका शेतघरातला नमुना बघा. ३०० मिलिमीटरचे दोन सिमेंट पाईप जोडून जवळजवळ पाच मीटरचा बोगदा, वर हातभर मातीचा डोंगर, डोंगरावर चिनी गुलाब. जोड मातीनेच लिंपलेला. पलीकडे दहा पावलांवर कोंबड्यांचं खुराडं आणि कण्यांचं पोतं. जुलैत घुशीने डोंगराच्या कुशीतून बीळ पाडलं आणि ती थेट पाईपांच्या जोडात निघाली. माती आत सांडली. इंजिन त्या ढिगावर चढून अडकलं, मागचे तीन डबे आडवे झाले. मालकाने बांबू घातला. बांबूने डबे आणखी घट्ट बसले. मग त्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि हाताला काहीतरी गार, हलणारं लागलं.

धामण होती, म्हणून गोष्ट सांगण्यापुरती राहिली. घुशीच्या मागावर धामण येते तसाच नागही येतो, आणि उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात कोरडा असा पाईप दोघांनाही सारखाच आवडतो. पुढचे दोन दिवस अख्खा डोंगर खणण्यात गेले. इंजिन निघालं तेव्हा त्याच्या चाकांच्या बोगीकडे जाणाऱ्या वायरी कुरतडलेल्या होत्या आणि मोटरच्या खोबणीत कुटार भरलेलं होतं.

बोगदा १.२ मीटरपेक्षा लांब नको. मग डबा कुठेही अडकला तरी कोणत्या तरी तोंडापासून ६० सेंटिमीटरच्या आत असतो. पाईप नकोच. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती आणि वर दोन तुकड्यांत फरशी, प्रत्येकीला लोखंडी कडी. डोंगर दाखवायचाच असेल तर फरशीवर ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर माती पुरते. रात्री दोन्ही तोंडांना फळी लावा, फट सहा मिलिमीटरपेक्षा कमी. फळी काढण्याआधी टॉर्च. आत हात घालायचाच नाही. आठ मिलिमीटरच्या गजाला पुढे आकडा करून ठेवा, कपलिंगला अडकवून डबा ओढता येतो.

साप दिसला तर दोन्ही तोंडं मोकळी करा, कुत्रा बांधा, तीन-चार मीटर मागे सरा आणि सर्पमित्राला बोलवा. मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, शिवाय घुशीचा बंदोबस्त करणारा तोच एक फुकटचा गडी. चावलाच तर चिरा नको, दोरी नको, मांत्रिक तर नकोच. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नसते.

विष

घुशीसाठी काळी पुडी पिठात कालवून ठेवणारे अजून आहेत. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिसळलं की फॉस्फिन वायू सुटतो, आणि ते पोट घुशीचं आहे की तुमच्या कुत्र्याचं हे तो बघत नाही. चिकट सापळ्यावर उंदरांबरोबर खारी आणि पालीही सापडतात. कण्यांचं पोतं झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा, खुराड्याखालचं रोज झाडा. अर्धी घूस तिथेच जाते.

वायरींसाठी: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २५ मिलिमीटरच्या कडक कंड्युटमधून, आणि पाईपची तोंडं भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीने गच्च बंद. फोम मारू नका, उंदीर तो कापसासारखा उपसतो. शेडच्या जाळीचं छिद्रही सहा मिलिमीटरच हवं, कोंबड्यांच्या जाळीतून उंदराचं पिल्लू आरामात जातं.

वानरं

शनिवारी मारुतीच्या नावाने केळी-चणे द्यायचे आणि रविवारी स्टेशनचं छप्पर मोडलं म्हणून रडायचं, हे दोन्ही एकाच घरात चालतं. दहा-पंधरा किलोचं जनावर चिंचेवरून उडी मारतं तेव्हा खाली प्लॅस्टिकचा पूल टिकत नाही. म्हणून चिंच, बोर, पपई यांच्याखालून लाईन नेऊच नका. आधीच नेली असेल तर इमारती दोन बोल्टवर बसवा आणि खेळ संपला की उचलून आत न्या. इंजिन वानराच्या हाती लागलंच तर ओरडत धावू नका, ते घेऊन झाडावर जाईल. बाजूला व्हा. खायचं नाही हे कळलं की टाकून देतं, आणि जमिनीवरून टाकलेलं इंजिन दुरुस्त होतं.

रानडुक्कर आणि करंट

लाईनीशेजारी अळू, हळद, कंदवाली फुलं लावू नका. ओल्या जमिनीत कंद आणि गांडुळं हुडकत डुक्कर एका रात्रीत वीस मीटर लाईन नांगरून ठेवतं. कुंपणाला झटका मशीन लावायचं तर कारखान्यातून आलेलं सोलरचं, ठोके देणारं लावा. त्याची अर्थिंग आणि रुळांची वायर एकमेकांपासून दूर ठेवा. घरातली २३० व्होल्टची वायर तारेला जोडणं म्हणजे माणूस मारणं, याला दुसरा शब्द नाही. आणि रुळांत रात्रभर करंट सोडला तर डुक्कर पळेल असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तो १८-२० व्होल्टचा असतो. डुकराला तो कळतही नाही, रात्रीच्या दवात रूळ तेवढे काळे पडतात.

बाकी किरकोळ. उदई (वाळवी): स्लीपर आंब्याच्या किंवा पॅकिंगच्या लाकडाचे करू नका, आलापल्लीकडच्या सागाचा गाभा घ्या, आणि जळकं ऑईल ओतून माती नासवू नका. मुंग्या सांध्याच्या मोटरीत घर करतात. तिथे पावडर टाकण्यापेक्षा बाहेरच्या सांध्याला मोटरच लावू नका, हाताने बदला, चालत जायला काय हरकत आहे? शेळी: कुंपण, दुसरं काही नाही. मोर चकचकीत डब्यात आपलंच रूप बघून चोची मारतो, वरून मॅट वॉर्निश द्या. पावसाळ्यात पैसा किडे रुळावर चिरडले की चाकं जागीच फिरतात, म्हणून पहिली फेरी इंजिनाची नको, रिकामा डबा हाताने ढकलत न्या आणि रूळ ओल्या फडक्याने पुसत चला. कुंभारीण माशी स्पीकरची आणि धुराड्याची भोकं चिखलाने बुजवते, इंजिन कपाटात ठेवताना भोकांवर चिकटपट्टी लावा. स्टेशनची इमारत उचलताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे खालचा विंचू तुमच्यापासून दूर निघेल.